शिंगं, हातोडा की अर्धी उपसलेली तलवार?

गेल्या दोन वर्षांत तीन मराठी मुलांनी मला एकच प्रश्न तीन तऱ्हांनी विचारला: इथल्या पेगन पंथांत, म्हणजे युरोपातले ख्रिस्तीपूर्व देव नव्याने पुजणाऱ्या मंडळींत, पुरुषाने कुठे जावं? पहिल्याची बायको इंग्रज आणि विक्का मानणारी, म्हणजे चेटूक आणि निसर्गपूजेच्या आधुनिक पंथातली. तिच्या वर्तुळात, म्हणजे पूजेच्या गटात, आपण जायचं का, आणि गेलो तर तिथे पुरुषाला काम काय, हे त्याला कळत नव्हतं. दुसरा मोबाइलवर ‘खरा मर्द कसा असतो’ छापाचे व्हिडिओ बघत बघत हातोडा ज्याची खूण त्या उत्तर युरोपच्या थॉर देवापर्यंत पोचलेला. गळ्यात चांदीचा हातोडा आधीच आला होता, आता माणसं शोधत होता. तिसरा गे आहे. त्याचं म्हणणं, देव पाहिजे, पण दर वेळी त्याच्या शेजारी नवरी म्हणून उभी केलेली देवी नको.

तिघांनाही मी फोनवर काहीबाही सांगितलं. इथे जरा नीट लिहितो, कारण चौथा विचारणारच.

मी कुठून बोलतोय तेही सांगतो. इंग्लंडात येऊन मला बरीच वर्षं झाली. यातल्या कुठल्याच पंथाची दीक्षा मी घेतलेली नाही. देव्हाऱ्यात खंडोबाचा टाक आहे, माझं भागतं. पण शेजारी आणि ऑफिसातले मित्र यांच्यामुळे पाहुणा म्हणून बऱ्याच वर्तुळांत उभा राहिलोय, बहुतेक वेळा चिखलात आणि भिजत. पाहुण्याला एक फायदा असतो: तो वाद घालत नाही, त्यामुळे त्याला सगळं दिसतं.

पेगन हा एक धर्म नाही. एक पोथी नाही, एक पीठ नाही, कुणी एक शंकराचार्य नाही. इंग्लंड-वेल्सच्या २०२१ च्या जनगणनेत सुमारे ७४ हजार लोकांनी धर्म ‘पेगन’ लिहिला आणि आणखी १३ हजारांनी ‘विक्का’. त्याच जनगणनेत जैन २५ हजार भरले, म्हणजे आकडा अगदीच किरकोळ नाही. यातल्या बऱ्याच पंथांत १९७० नंतर स्त्रीवादाच्या लाटेबरोबर देवी मध्यभागी आली, आणि त्याची गरजही होती. पण त्यामुळे नव्याने येणारा पुरुष दारातच अडखळतो. देवी ठळक दिसते, देव कुठेतरी कोपऱ्यात. मग तो विचारतो, माझ्यासाठी इथे काय आहे?

माझं मत आधीच सांगून टाकतो. देव बघून गट निवडू नका. कोणत्याही गटात गेलात की तिथल्या जुन्या पुरुषांना विचारा, ‘तुमचा देव कुठे हरतो, ती गोष्ट सांगा.’ सांगता आली तर थांबा. नुसती ताकदच सांगत बसले तर कोट घाला आणि निघा. पुढचं सगळं या एका प्रश्नाच्या अंगाने लिहितोय.

विक्का: दरवर्षी मरणारा

विक्काचा देव शिंगांचा. डोक्यावर हरणाची शिंगं. रानाचा, शिकारीचा आणि मरणाचा धनी. देवीबरोबर त्याची जोडी, आणि वर्षाच्या आठ सणांत त्याचं आयुष्य उलगडत जातं. डिसेंबरातल्या सर्वांत मोठ्या रात्री जन्म, मेच्या तोंडावर बेल्टेनला देवीशी मीलन, कापणी सुरू झाली की त्याची उतरण, आणि ऑक्टोबर संपताना तो पाताळात. तपशील कोव्हनगणिक, म्हणजे विक्काच्या एकेका छोट्या गटागणिक, बदलतात, पण देव जातो आणि देवी राहते हे बहुतेक ठिकाणी सारखंच. हरणाऱ्या देवाच्या प्रश्नाला विक्काकडे उत्तर तयार आहे. त्यांचं सगळं पंचांगच त्यावर उभं आहे.

हा पंथ किती जुना? जेराल्ड गार्डनर (१८८४–१९६४) हा मलायात रबराच्या मळ्यांत आणि मग जकात खात्यात नोकरी केलेला इंग्रज. १९३६ मध्ये निवृत्त होऊन परतला. १९३९ मध्ये न्यू फॉरेस्टजवळ एका जुन्या कोव्हनने आपल्याला दीक्षा दिली, असं त्याने पुढे सांगितलं. १७३५ चा चेटूकविरोधी कायदा १९५१ मध्ये रद्द झाला आणि १९५४ मध्ये त्याचं पुस्तक आलं. शिंगवाला देव मात्र त्याने मार्गारेट मरेकडून घेतला. या बाईंचा जन्म १८६३ चा, कलकत्त्याचा. इजिप्तच्या अभ्यासक म्हणून नावाजलेल्या. १९२१ मध्ये त्यांनी मांडलं की युरोपात चेटकिणी म्हणून मारले गेलेले लोक खरं तर शिंगांच्या देवाचा जुना धर्म पाळत होते. इतिहासकारांनी ही मांडणी केव्हाच मोडीत काढली. विक्काची खरी घडण कशी झाली ते १९९९ मध्ये सविस्तर दाखवलं ब्रिस्टलच्या रोनाल्ड हटन यांनी, आणि ते जन्मले उटीला. देव इंग्लंडचा, त्याची जन्मकथा रचणारी कलकत्त्याची, ती उसवणारा उटीचा.

अजून एक धागा आहे, तो मात्र सांभाळून धरायचा. १८९१ मध्ये डेन्मार्कच्या गुंडेस्ट्रुप गावाजवळच्या दलदलीत पीट काढताना चांदीचं एक मोठं भांडं सापडलं. वजन नऊ किलोच्या आसपास, आता कोपनहेगनच्या राष्ट्रीय संग्रहालयात. त्याच्या आतल्या एका पत्र्यावर हरणाची शिंगं असलेला पुरुष पाय दुमडून बसलाय. एका हातात गळ्यातलं कडं, दुसऱ्या हातात मेंढ्याची शिंगं असलेला साप, शेजारी सांबरासारखा नर. आपल्यापैकी कुणीही ते चित्र पाहिलं की मोहेंजोदडोची पशुपतीची मुद्रा आठवते. इथल्या वर्तुळात चहा पिताना कुणीतरी ही दोन चित्रं तुम्हाला शेजारी-शेजारी दाखवणार आणि म्हणणार, ‘बघ, तुमचा-आमचा देव एकच!’ दोन्हींत दोन हजारांच्या आसपास वर्षांचं अंतर आहे. आणि साडेतीन सेंटिमीटरच्या त्या मुद्रेवरची शिंगं हरणाची नाहीत, रेड्याची आहेत. म्हसोबाच्या मुलखातल्या माणसाला हा फरक कुणी शिकवावा लागू नये. तेव्हा गोड हसा आणि बिस्किट घ्या.

वर्तुळातलं पुरुषाचं काम आता. गार्डनरच्या परंपरेत मुख्य पुजारीण सर्वांच्या वर. तिचा जोडीदार पुजारी मदतीला. दीक्षा पुरुषाला स्त्री देते आणि स्त्रीला पुरुष. मुख्य विधीत पुजारी गुडघे टेकतो आणि चंद्रदेवीला पुजारणीच्या अंगात यायला बोलावतो. देव्हाऱ्यासमोर बाईच्या अंगात देवी येणं आपल्याला नवीन नाही, पण इथे तिला बोलावणारा ठरलेला पुरुष असतो आणि त्याचं कौशल्य त्या बोलावण्यात. शेवटी वाइनच्या पेल्यात सुरी उतरवतात. ती मीलनाची खूण. बहुतेक ठिकाणी गोष्ट तेवढ्यावरच थांबते.

ज्याला घरी-दारी सतत कर्ता पुरुष म्हणून मिरवायचा कंटाळा आलाय, त्याला हे फार बरं वाटतं. पुरुषाने मागे उभं राहायचं, पण त्याच्याशिवाय विधी होत नाही. बायकोच्या कोव्हनबद्दल विचारणाऱ्याला मी म्हटलं, जा, पण ‘बायकोसाठी’ जाऊ नकोस. नवशिक्याला साधारण वर्ष आणि एक दिवस थांबवून पहिली दीक्षा देतात. तेवढ्या काळात तुझं तुला कळेल. तो सध्या बाहेरच्या सणांना जातो. आतलं अजून ठरवलेलं नाही, आणि बायकोनेही घाई केलेली नाही. शहाणी बाई आहे.

एक सावधगिरी. जुन्या परंपरेत दीक्षेचे पैसे घेत नाहीत. कुणी दीक्षेची फी मागितली, किंवा दीक्षेसाठी शय्यासोबत लागते म्हणालं, तर तो देवाचा प्रश्न उरत नाही. बाहेर पडा आणि इतरांनाही सांगा. काही कोव्हन विधी विवस्त्र करतात. त्याला ते जो शब्द वापरतात त्याचा अर्थ ‘आकाश नेसलेला’. इंग्रजीत दिगंबर जैनांसाठीही हाच शब्द आहे. झगा घालणारे कोव्हनही पुष्कळ आहेत. न लाजता आधीच विचारा, उत्तर देतात.

ड्रुइड: तलवार अर्धीच उपसायची

ड्रुइड म्हणजे जुन्या केल्ट लोकांचे पुरोहित. त्यांचं नाव घेणाऱ्यांची आजची कहाणी पुरुषांच्या क्लबातून सुरू होते. १७८१ मध्ये लंडनच्या एका दारूच्या गुत्त्यात निघालेली ड्रुइडांची मंडळी म्हणजे फ्रीमेसनसारखी बंधुसभा. नकली दाढ्या, झगे, जेवणावळी. १९०८ मध्ये अशाच एका मंडळात खुद्द विन्स्टन चर्चिल दाखल झाले होते. धर्म त्यात थोडा, मौज जास्त.

दुसरी धारा वेल्समधल्या एका पाथरवट कवीची, इओलो मॉर्गानुग याची. १७९२ मध्ये त्याने लंडनच्या प्रिमरोझ टेकडीवर गोटे मांडून वर्तुळ केलं आणि कवींची सभा भरवली. हा प्राचीन विधी असल्याचे कागद त्याच्याकडे होते, आणि ते त्याने स्वतःच लिहिलेले होते. पठ्ठ्या अफूबाज होता, पण प्रतिभेत कमी नव्हता. त्याने रचलेल्या विधीतला एक भाग वेल्सच्या राष्ट्रीय साहित्य महोत्सवात आजही होतो. म्यानातली भलीमोठी तलवार अर्धी उपसली जाते आणि मुख्य ड्रुइड गर्दीला विचारतो, शांतता, म्हणजे सलोखा, आहे का? गर्दी ओरडते, शांतता! तीनदा विचारतात, तीनदा तलवार परत आत जाते, पूर्ण कधीच निघत नाही. हा महोत्सव पेगन नाही, त्यात चर्चला जाणारी मंडळीही असतात. २०१३ मध्ये पहिल्यांदा एक बाई, क्रिस्टीन जेम्स, तिथे मुख्य ड्रुइड झाल्या. पण पेगन ड्रुइडांच्या वर्तुळातही आरंभाला चारही दिशांना तोंड करून शांतता मागतात, ते इथूनच आलं.

पौरुषाबद्दल या सगळ्या पसाऱ्यात मला आवडलेलं चित्र विचाराल तर ही अर्धी उपसलेली तलवार.

पेगन वळण दिलं ते रॉस निकल्स यांनी. हे गार्डनरचे मित्र. वर्षाच्या आठ सणांचं चक्र दोघांच्या काळात एकत्र बसलं, म्हणून विक्का आणि ड्रुइड यांचं पंचांग जुळतं. निकल्स यांनी १९६४ मध्ये स्वतःचा संघ काढला. त्यांच्यानंतर तो थंडावला होता, तो फिलिप कार-गॉम यांनी १९८८ मध्ये पुन्हा उभा केला आणि घरी बसून शिकायचा अभ्यासक्रम सुरू केला. बार्ड, ओव्हेट, ड्रुइड अशा तीन पायऱ्या. अभ्यासक्रमाला पैसे पडतात. मात्र तो शिक्षणाचा खर्च, दीक्षेची फी नव्हे, आणि हप्त्यांत देता येतो.

देव कोणता? जो मानाल तो. कुणी सूर्य मानतं, कुणी लूग, कुणी नुसतं झाड. मला यातली माबोनची गोष्ट सर्वांत भावते. नावाचा अर्थच ‘मुलगा’, आणि आईचं नाव मॉड्रॉन, म्हणजे ‘आई’. जन्मून तीन रात्री झाल्या असताना आईच्या कुशीतून तो नाहीसा होतो. कुठे गेला, कुणाला ठाऊक नाही. त्याला शोधणारे वीर आधी काळ्या कोकीळसारख्या एका पक्ष्याला विचारतात, मग हरणाला, मग घुबडाला, मग गरुडाला. प्रत्येक जण आधीच्यापेक्षा म्हातारा आणि प्रत्येकाचं उत्तर एकच, मी नाही ऐकलं. शेवटी सर्वांत जुना सामन मासा सांगतो, ग्लॉस्टरच्या भिंतीआड कुणीतरी रडतंय. दोन वीर त्या माशाच्या खांद्यावर बसून जातात आणि बंदिवानाला सोडवून आणतात. देव इथे लढत नाही, नुसता रडतो. त्याचं रडणं कुणाच्या तरी कानी पडणं, एवढंच घडतं. पुरुषांच्या छोट्या गटात ही गोष्ट सांगितली जात असताना मी एकदा होतो. गोष्ट संपल्यावर एक पन्नाशीचा प्लंबर काहीच न बोलता बाहेर जाऊन सिगारेट ओढून आला.

ड्रुइडांत खोट काय? मला विचाराल तर फार मऊ. कधीकधी रविवारची सहल आणि विधी यांत फरक राहत नाही. फ्लास्क, कुत्री, पावसाळी बूट, आणि मधेच ओकच्या झाडाला नमस्कार. ज्याला आतून हलायचंय त्याला हे पुरत नाही. पण हिंदू राहून जायचं असेल तर यांच्याइतकं मोकळं दार दुसरं नाही. ते विचारतही नाहीत. आणि कायद्याच्या बाजूने बघाल तर २०१० मध्ये ड्रुइड नेटवर्क या संस्थेला धर्मादाय आयोगाने धर्मकार्य करणारी म्हणून मान्यता दिली आहे.

हीदन: सर्वांत भरलेलं देवघर, सर्वांत तपासून घ्यायचं दार

पुरुषदेवतांचा शोध असेल तर उत्तरेकडच्या नॉर्स, म्हणजे स्कँडिनेव्हियाच्या जुन्या देवांइतकी श्रीमंती कुठेच नाही. त्यांना पुजणारे ते हीदन. ओडिन, थॉर, टीर, फ्रेर, बाल्डर, हाइमडाल, न्योर्ड, आणि सगळ्यांच्या नाकी नऊ आणणारा लोकी. विक्कात देव एका जोडीत बसतो. इथे प्रत्येकाचा स्वभाव वेगळा, भांडण वेगळं, आणि मुख्य म्हणजे प्रत्येकाचं नुकसान वेगळं.

टीरचा हात गेला. फेनरिर लांडग्याला बांधायचं होतं. हे बंधन फसवं नाही याची हमी म्हणून कुणीतरी त्याच्या तोंडात हात ठेवायचा होता. फसवं होतंच. टीरला ते माहीत होतं आणि हात त्यानेच ठेवला. फ्रेरने गेर्डच्या प्रेमात पडून आपली तलवार देऊन टाकली, आणि जगाच्या शेवटच्या लढाईत तो तलवारीविना उभा राहणार आहे. ओडिनने ज्ञानासाठी एक डोळा विहिरीत ठेवला, नऊ रात्री झाडाला लटकला. वर फ्रेया देवीकडून सेईद नावाची जादू शिकला, जी पुरुषाने करणं लाजिरवाणं मानलं जायचं. लोकी भर सभेत त्याला त्यावरून टोमणा मारतो. तेव्हा गळ्यात हातोडा घालून ‘बायकी’ हा शब्द शिवीसारखा वापरणाऱ्याला विचारावं, बाबा, तुझ्या सर्वपित्याने, ओडिनने, काय केलं होतं?

आजच्या पंथाचा सर्वांत नावाजलेला संघ आइसलँडमध्ये, १९७२ च्या उन्हाळ्याच्या पहिल्या दिवशी निघाला. स्वेनब्योर्न बेन्टेन्सन हा पांढऱ्या दाढीचा मेंढपाळ शेतकरी जुनी गीतं खर्जात गायचा. तो पहिला मुख्य पुरोहित. १९७३ मध्ये सरकारी मान्यता मिळाली. आज त्या संघाचे सभासद पाच हजारांच्या वर आहेत, साडेतीन-चार लाखांच्या देशात. २००३ पासून मुख्य पुरोहित हिल्मार ओर्न हिल्मार्सन. ते चित्रपटांना संगीत देतात आणि स्पष्ट सांगतात की आठ पायांच्या घोड्यावरून एकडोळ्या म्हातारा खरोखर फिरतो असं आम्ही मानत नाही, या गोष्टी काव्य आहेत. तिथे बळी देत नाहीत आणि समलिंगी लग्नं लावतात. त्यावरून परदेशातल्या स्वयंघोषित हीदनांनी त्यांना धमक्या आणि शिव्या पाठवल्या.

इथेच दाराचा मुद्दा येतो. हीदनांत दोन तट आहेत. एक म्हणतो, जो देवांना हाक मारतो तो आपला. दुसरा म्हणतो, हे देव रक्ताने मिळतात, म्हणजे गोऱ्या उत्तर युरोपीय वंशालाच. अमेरिकेतली ‘आसात्रू फोक असेंब्ली’ ही दुसऱ्या तटाची. तिथल्या एका नामांकित हक्कसंस्थेने तिला द्वेषगटांच्या यादीत टाकलंय. २०१६ मध्ये या संघटनेने वंश आणि स्त्री-पुरुषत्वाबद्दल जे निवेदन काढलं त्यानंतर अनेक देशांतल्या हीदन संघटनांनी तिच्याशी संबंध तोडल्याचं जाहीर केलं. त्या जाहीरनाम्याला त्यांनी ‘१२७’ नाव दिलं, कारण जुन्या उपदेशकाव्याच्या १२७ व्या कडव्यात म्हटलंय की वाईट दिसलं तर ते वाईट आहे असं बोल. अमेरिकेतच १९८७ पासून चालणारी ‘द ट्रोथ’ ही संस्था पहिल्या तटाची.

सावळ्या माणसाने हे आधी तपासायचं, नंतर नाही. संकेतस्थळावर ‘पूर्वज’, ‘आपले लोक’, ‘वारसा’ हे शब्द किती वेळा येतात ते मोजा. पूर्वज सगळेच मानतात, पण कुणाचे पूर्वज, हे विचारलं की दोन वाक्यांत कळतं. माझ्या ओळखीतल्या एकाला एका गटाने अगदी सभ्यपणे लिहिलं होतं, ‘तुमच्याकडे तुमचे सुंदर देव आहेतच की.’ सभ्यपणावर जाऊ नका.

आणि तरीही या सगळ्या वर्तुळांतली माझी सर्वांत लक्षात राहिलेली संध्याकाळ हीदनांचीच. एका घराच्या मागच्या अंगणात सुंबेल होतं. शिंगाचा पेला हातोहात फिरतो. पहिली फेरी देवांची, दुसरी पूर्वजांची, तिसरी ज्याला जी शपथ किंवा बढाई सांगायची तिची. मी दारू घेत नाही म्हणाल्यावर यजमानाने सफरचंदाच्या रसाचं दुसरं शिंग काढलं, जसं काही रोजचंच. शिंग हातात घेतलं की एक अडचण कळते: ते खाली ठेवता येत नाही, आडवं होतं. बोलून, पिऊन पुढे द्यावंच लागतं. दुसऱ्या फेरीत माझ्या आधीच्या माणसाने आपल्या खाणकामगार आजोबांचं नाव घेतलं. माझी पाळी आली. मी माझ्या आजोबांचं नाव घेतलं, कोरेगाव तालुक्यात विहिरीवर मोट हाकायचे, बैलांना गाणी म्हणायचे, आणि १९७२ च्या दुष्काळात ते बैल विकून आल्यावर तीन दिवस जेवले नाहीत. इंग्रजीत ‘मोट’ सांगता येईना, हातांनी दाखवली. बाराएक दाढीवाल्यांनी एका दमात ‘हेल!’ म्हणून जयजयकार केला, माझ्या आजोबांच्या नावाने, इंग्लंडातल्या एका परसात. शिंगातला रस शर्टावर सांडला.

फक्त पुरुषांची वर्तुळं

इथे लवकर आवरतो, कारण इंग्लंडात बसून निवडायला फार काही नाही. गे पुरुषाला गार्डनरच्या स्त्री-पुरुष जोडीत अवघडायला होतं ही तक्रार जुनीच आहे. त्यातूनच न्यूयॉर्कमध्ये सत्तरच्या दशकात एडी बुझिन्स्की यांनी गे आणि बायसेक्शुअल पुरुषांसाठी मिनोअन ब्रदरहुड काढली. तिथे देवी आहे, पण आई म्हणून. देव तिचा मुलगा. दुसरी वाट रॅडिकल फेअरींची. १९७९ मध्ये ॲरिझोनाच्या वाळवंटात ‘हे’ आडनावाच्या हॅरी यांनी आणि त्यांच्या साथीदारांनी बोलावलेल्या पहिल्या मेळाव्याला दोनशेच्या आसपास पुरुष जमले, आणि जागा होती चक्क एक आश्रम. हॅरी त्याआधी १९५० मध्ये गे हक्कांची मॅटाशीन सोसायटी काढून बसलेले जुने कार्यकर्ते. फेअरींत धर्म सैल, जमाव मोठा. चिखल, झगमगते घागरे, आणि गोल बसून एकेकाने हातात एखादी वस्तू धरून मनातलं बोलणं. ज्याच्या हातात ती वस्तू, तोच बोलणार.

तिसऱ्या मुलाला मी दोन्ही सांगितलं. मिनोअन ऐकल्यावर तो हसला. म्हणाला, ‘काका, देव असून आई असायला आपल्याकडे देवी लागतच नाही. आपण विठोबालाच माउली म्हणतो.’ या मुद्द्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि खरं सांगायचं तर इथल्या कुठल्याच वर्तुळाकडे नाही. तो सध्या फेअरींच्या मेळाव्यांना जातो आणि आषाढीला उपास करतो.

आता व्यवहाराचं

एकत्र ठेवून बघितलं तर विक्कात आत शिरायला वेळ लागतो, पैसे लागत नाहीत, आणि जे चालतं ते गुप्त राहतं. घरच्यांना काय सांगायचं हा प्रश्न येतोच. ड्रुइडांत कुणीही आज सुरू करू शकतं, एकट्यानेही, थोडा खर्च येतो. हीदनांत दीक्षा बहुधा नसतेच. तुम्ही येत राहता, मदत करता, भांडी घासता, आणि एक दिवस तुम्ही त्यांचे असता. आपल्या गणेश मंडळासारखंच. पण जिथे दारू फिरते तिथे न पिणाऱ्याला कसं वागवतात, हे पहिल्याच भेटीत बघून घ्या.

नेतृत्व कुणाकडे? विक्कात बहुधा बाईकडे, ड्रुइडांत दोघांकडे, हीदनांत कागदावर कुणाकडेही आणि प्रत्यक्षात पुष्कळदा पुरुषाकडे. म्हणून हीदनांत गेलात तर तिथल्या बायका किती मोकळेपणी बोलतात, तेही बघा. त्या गप्प असतील तर देव कितीही भारी असो, काही खरं नाही. आणि घरी सत्यनारायण चालू ठेवून जायचं असेल तर ड्रुइड बिनघोर, विक्का बहुतेक ठिकाणी चालतं, हीदन गटागणिक.

एकटे असाल, पुरुषांचा सहवास हवा असेल, मित्रांची गरज असेल, आणि ते कबूल करायची लाज वाटत असेल, तर मी हीदनच सांगेन, दार तपासून. घरातल्या नात्यातून शोध सुरू झाला असेल तर विक्का. काहीच ठरत नसेल तर ड्रुइडांचं पहिलं वर्ष. त्याने नुकसान होत नाही.

हातोडेवाल्याचं राहिलं. तो महिनाभरापूर्वी पबमध्ये भरणाऱ्या हीदन बैठकीला गेला आणि मी सांगितलं होतं तसा प्रश्न टाकला, तुमचा देव कुठे हरतो? टेबलावरच्या दोघांत कुठली गोष्ट सांगायची यावरून वाद झाला. एकाला टीरचा हात सांगायचा होता. दुसरा म्हणाला, याच्या गळ्यात हातोडा आहे, याला थॉरचीच सांगू. थॉर झोपेतून उठतो तर हातोडा गायब. राक्षसाने तो आठ कोस खोल पुरलाय आणि बदल्यात त्याला फ्रेया बायको म्हणून हवी. फ्रेया नकार देते. मग ठरतं, थॉरलाच नवरी करून पाठवा. थॉर म्हणतो, मला सगळे बायल्या म्हणतील. तरी शेवटी नेसवतात त्याला. लग्नाच्या जेवणात नवरी एक अख्खा बैल आणि आठ सामन खाते, मधाच्या दारूची तीन पिंपं रिकामी करते. राक्षस चक्रावतो. करवली झालेला लोकी सांगतो, बाईसाहेब या लग्नाच्या ओढीने आठ रात्री जेवल्या नाहीत हो. मग शुभाशीर्वाद म्हणून हातोडा आणून नवरीच्या मांडीवर ठेवतात.

मुलाने मला स्टेशनवरून फोन केला तेव्हा तो अजून हसत होता. पुढच्या महिन्यात त्यांच्याकडे जेवण आहे, प्रत्येकाने काहीतरी करून न्यायचंय, काय नेऊ? मी म्हटलं, आठ सामन तुला परवडायचे नाहीत. पुरणपोळ्या ने.